त्याला दाणे लागतात

माझ्या वहिनीला बस लागते. गाडीनं पहिलं वळण घेतलं की तिचं डोकं गरगरतं, चेहरा पांढरा पडतो आणि शेजारचा माणूस आपण होऊन जागा बदलतो. पर्समध्ये लिंबू आणि कागदी पिशवी असल्याशिवाय ती घराबाहेर पडत नाही. 'हिला बस लागते' हे वाक्य आमच्या घरात इतक्या वेळा बोललं गेलंय की त्याला काही मोजदाद नाही. पण म्हणून कुणी कौतुकानं तिच्यासाठी दारात बस आणून उभी केलेली नाही.

मग हीच बाई 'आमच्या मुलाला दाणे लागतात' हे ऐकून बाजारातून पिशवीभर शेंगदाणे का घेऊन आली, हे कोडं मला आजही सुटलेलं नाही. ज्याच्यासाठी तिनं ते आणले त्या लिफ्टवाल्याची ही गोष्ट. तो जिवंत आहे, धडधाकट आहे आणि मी हे लिहितेय तेव्हा वरच्या खोलीत शीळ वाजवत दाढी करतोय, हे आधीच सांगून टाकते. जीव टांगणीला लावून गोष्ट सांगणाऱ्या माणसांचा मला राग येतो.

आमचं घर तसं लहान. खाली दादा, वहिनी आणि मी. दादा माझा थोरला भाऊ, पाणीपुरवठ्यातून निवृत्त झालेला, आता दिवसभर रेडिओ आणि तोंडात टाकायला काहीतरी खारं एवढ्यावर त्याचं भागतं. मी शाळेच्या कचेरीत कारकून. वर गच्चीला लागून एक खोली आहे, तिथे वहिनी भाडेकरू ठेवते आणि त्याला रात्रीचं जेवण देते. जेवण देणं ही तिची हौस. तिच्या हातचं खाऊन कुणी 'आणखी वाढा' म्हटलं की तिला स्वर्ग दोन बोटं उरतो.

लिफ्टवाला आला तो मोठ्या इस्पितळाच्या लिफ्टचं काम मिळालं म्हणून. उंच, सडपातळ, निळा डगला घातलेला, खांद्याला अवजारांची पिशवी. अंगाला ग्रीसचा आणि साबणाचा असा दोन्हींचा वास. मी एकदा त्याच्याबरोबर इस्पितळात गेले होते तेव्हा त्याचं काम पाहिलं. लिफ्टचं दार उघडलं तरी तो लगेच पाय टाकत नाही. आधी खाली बघतो, लिफ्ट खरंच आलीय का, आणि मग आत जातो. मी हसले तर म्हणाला, दार उघडलं म्हणजे आत जमीन असेलच असं नाही. ज्यानं हे एकदा गृहीत धरलं, तो दुसऱ्यांदा धरायला उरत नाही.

ही सवय त्याला कामानं लावलेली नाही. ती त्याला लहानपणापासून आहे आणि ताटाच्या बाबतीत आहे.

तीन वर्षांचा असताना शेजारच्या कुणीतरी त्याला दाण्यांचं बिस्किट दिलं. अर्धंच खाल्लं असेल. ओठ सुजले, डोळे मिटले, अंगभर गांधी उठल्या आणि श्वास घेताना गळ्यातून शिट्टीसारखा आवाज यायला लागला. वडील त्याला खांद्यावर टाकून भर रस्त्यातून धावले. तो वाचला. डॉक्टरांनी ॲलर्जी असा शब्द सांगितला, पण घरात तो काही रुळला नाही. त्याच्या आईनं जवळचा शब्द उचलला. जशी कुणाला गाडी लागते, कुणाला ऊन लागतं, तसे ह्याला दाणे लागले. पुढे 'लागले'चं 'लागतात' झालं, आणि त्या घरात एवढंसं वाक्य म्हणजे धोक्याची घंटा झाली.

आई सिनेमाच्या तिकीट खिडकीवर बसायची. सिनेमाला येणारे लोक खारे दाणे खाणार, टरफलं टाकणार, आणि दाण्यांच्या हातांनीच खिडकीतून पैसे सरकवणार. त्यामुळे घरी आल्यावर ती मुलाला जवळ घेत नसे. आधी न्हाणीघरात जायची, डोक्यावरून अंघोळ करायची, कपडे बदलायची, आणि तोवर हा दाराबाहेर उभा राहून तिच्याशी गप्पा मारायचा. तिची गोष्ट सांगताना तो हसतो, पण मला काही ते हसू पाहवत नाही.

शाळेत त्याचा डबा वेगळा, बाक वेगळा. वाढदिवसाचा खाऊ घ्यायचा, खिशात घालायचा आणि घरी जाताना दुसऱ्या कुणाला देऊन टाकायचा. एवढं सगळं अंगवळणी पडलं. पण खरा घाव घातला तो मामानं. मामा जिवाला जीव देणारा माणूस. त्याच्या मते हे सगळे फाजील लाड होते. थोडं थोडं पोटात गेलं की शरीराला आपोआप सवय होईल, असा त्याचा सिद्धांत होता, आणि भाच्याचं भलं करायचं म्हणून त्यानं एकदा त्याच्या दुधात चिमूटभर दाण्यांचं कूट मिसळलं. गोड हसून पेला पुढे केला. मुलगा इस्पितळात नाकातोंडात नळ्या घालून पडला आणि मामा बाहेरच्या बाकावर बसून ढसाढसा रडला. सगळ्यांनी मामाला माफ केलं. ह्यानंही केलं. पण हसून पुढे केलेल्या पेल्याची भीती जी मनात बसली, ती बसलीच. वाकड्या नजरेचा माणूस त्याला परवडतो, मायेनं वाढणारा समोर आला की तो दोन पावलं मागे सरतो.

मोठा झाल्यावर नोकरी अशी लागली की गावोगाव बदली. प्रत्येक ठिकाणी खोली शोधायची आणि प्रत्येक ठिकाणी सांगायचं, बाबा रे, माझ्या पोटात दाणा गेला तर माझा जीव जाऊ शकतो. लोक ऐकून घ्यायचे आणि मग त्यांना अचानक आठवायचं की खोली भाच्यासाठी ठेवलीय. एका बाईंनी तर तोंडावर सांगितलं की उद्या काही झालं तर पोलीस आमच्या दारात येतील, आम्हाला हा ताप नको. कधी ह्यानं सांगितलं, कधी त्याच्या आईनं, निकाल एकच.

इस्पितळाच्या कामाची अट होती की जवळ राहायचं, कारण लिफ्ट मध्येच अडकली तर आत रुग्ण असू शकतो. जवळपास रिकामी खोली एकच होती, आमची. नोकरी अजून पक्की झालेली नव्हती. त्यानं आईला सांगितलं की या वेळी तूच फोन कर आणि काय ते नीट सांग.

तो फोन वहिनीनं घेतला तेव्हा मी तिथेच बसून शेंगा निवडत होते. मटारच्या, दुसरा कुठला संशय नको. त्याच्या आईचा आवाज फोनमधून मला बाहेर ऐकू येत होता. मुलगा शांत आहे, व्यसन नाही, वेळेवर येतो, असं सगळं सांगून झाल्यावर त्या म्हणाल्या, "बाकी काही नखरे नाहीत हो त्याचे. फक्त त्याला दाणे लागतात. तेवढं सांभाळा."

"अहो, त्यात काय एवढं," वहिनी म्हणाली. "दाण्यांचं माझ्याकडे लागलं."

तिकडे त्या माउलीचा जीव भांड्यात पडला. तिनं मुलाला कळवलं की बाई फार समजूतदार आहेत, सगळं सांगितलंय, काही काळजी नाही. इकडे वहिनीनं फोन ठेवला आणि आम्हाला म्हणाली की मुलाला दाणे लागतात म्हणे, एकेकाची आवड असते. दादा खूश झाला. खाऱ्या दाण्यांचा डबा मांडीवर घेऊन बसणारा माणूस तो, त्याला वाटलं आपल्या पंथातला कुणीतरी येतोय.

पहिल्या रात्री वहिनीनं भात, उकडलेल्या भाज्या आणि वरून भरडलेले दाणे अशी ताटली तयार ठेवली होती. लिफ्टवाला हात धुऊन आला, दारातच थबकला, आणि अदबीनं विचारलं, "काकू, यात दाणे आहेत का?"

"आहेत ना," वहिनी हसून म्हणाली. "कमी वाटले तर आणखी घालते."

त्याचा चेहरा खर्रकन उतरला. पोट ठीक नाही असं काहीतरी पुटपुटला, ब्रेडचा न फोडलेला पुडा मागून घेतला, दोन केळी उचलली आणि वर निघून गेला. वहिनीनं निष्कर्ष काढला की दाणे कमी पडले.

पुढचे दिवस आठवले की आता मी हसते, पण तेव्हा आमच्या स्वयंपाकघरात रोज एका माणसाला मारायची तयारी चालली होती आणि करणारी बाई त्याच्यावर पोटच्या पोरासारखी माया करत होती. सूपमध्ये दाणे. सॅलडमध्ये दाणे. बटाट्यांवर भाजलेल्या दाण्यांचा थर. तो रोज यायचा, दारात उभा राहायचा, तोच प्रश्न विचारायचा, वहिनी अभिमानानं तेच उत्तर द्यायची, आणि तो पोटाचं कारण सांगून ब्रेडचा पुडा घेऊन वर जायचा. वहिनीला त्या प्रश्नात एवढीच गोष्ट ऐकू यायची की बिचारा किती आशेनं विचारतो. मग दुसऱ्या दिवशी मूठभर जास्त.

मी तिला म्हटलं की अगं, विचारतो खरा, पण खात कुठे? त्यावर तिच्याकडे उत्तर तयार. नवं गाव, नवं पाणी, आईची आठवण. मला तर वाटायला लागलं होतं की हे प्रकरण नाकानं कांदे सोलणारं आहे. दादा म्हणाला की आपल्याकडे आल्यापासून हा माणूस वाळत चाललाय, पट्ट्याला नवीन भोक पाडलंय त्यानं. वहिनीला ते फार लागलं. तिच्या घरी राहून माणूस वाळतो म्हणजे काय?

आणि वर खोलीत तो काय विचार करत होता, हे त्यानं आम्हाला नंतर सांगितलं. त्याला वाटत होतं, ही म्हणजे दुसरा मामाच. आईनं स्वतः सांगितलंय, हिनं स्वतः कबूल केलंय, तरी ही रोज हसत हसत दाणे घालते आणि वर लपवतसुद्धा नाही. म्हणजे हिला सवय लावायचीय. आता हिला नव्यानं काय सांगायचं? ज्याला ठाऊक नाही त्याला सांगता येतं. ठाऊक असून जो घालतो त्याच्यापुढे डोकं आपटण्यात काय अर्थ? भांडावं तर खोली जाणार, खोली गेली की नोकरी जाणार. तेव्हा मूग गिळून गप्प बसायचं आणि प्रत्येक जेवणाआधी विचारायचं, असं त्यानं ठरवलं. बाई निदान खरं तरी सांगते, एवढाच त्याला आधार होता.

तो किटलीत अंडी आणि बटाटे उकडून खायचा. दुपारी इस्पितळाच्या गच्चीवर लिफ्टच्या यंत्राची खोली असते, तिथे मोटारीच्या घरघराटात बसून ब्रेड आणि केळी. आईचा फोन आला की सांगायचा, बाई छान सांभाळतात. खरं सांगितलं असतं तर ती मिळेल त्या गाडीनं निघून आली असती.

मग एके दिवशी बाजारात दाणेच मिळाले नाहीत. दुकानदाराचा माल आला नव्हता. घरातले दादानं फस्त केलेले. वहिनी कानकोंडी होऊन त्याच्यासमोर उभी राहिली आणि म्हणाली की आज दाणे नाहीत, एक दिवस चालवून घ्या.

त्यानं दोनदा विचारलं की एकही नाही का. तेल कुठलं वापरलं ते विचारलं. सूर्यफुलाचं. भांडी कशी धुतली ते विचारलं. वहिनीला प्रश्न चमत्कारिक वाटला, पण भांडी हा तिचा आवडता विषय, तिनं कढत पाणी आणि साबणापासून सगळं वर्णन केलं. तो स्वतः स्वयंपाकघरात आला, पातेल्याचा वास घेतला, आणि बसला. सूप, मासे, भात. त्यानं इतक्या वेळा मागून घेतलं की मला आणि वहिनीला शेवटी ब्रेड खावा लागला. आमच्याकडे आल्यापासून तो पहिल्यांदा हसताना दिसला. जेवण झाल्यावर आमच्या टेबलाचा डुगडुगणारा पाय नीट करून दिला आणि शीळ घालत वर गेला.

वहिनीच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणाली की किती गुणी पोरगा आहे बघा, दाणे नव्हते तरी तोंडातून चकार शब्द नाही, उलट मला वाईट वाटू नये म्हणून पोट फुटेस्तोवर जेवला. दादानंही मान हलवली. आमच्या घरात अक्कल वाटली गेली तेव्हा आम्ही तिघंही बाहेर गेलो असणार.

दुसऱ्या दिवशी वहिनी लांबच्या बाजारात जाऊन दाणे घेऊन आली. तेही बसनं. लागते तरी गेली, यावरून ओळखा. एवढ्या समजूतदार मुलाला काहीतरी खास द्यायचं तिनं ठरवलं होतं. दाणे भाजले, सोलले, इतके बारीक वाटले की डोळ्यांना दिसणार नाहीत, आणि ते सूपमध्ये घोटले. वर थोडं दूध, मिरपूड. टेबलावर धुतलेली चादर घातली. तिला त्याला चकित करायचं होतं.

तो आला तो आदल्या दिवसाचं हसू घेऊनच. हात धुतले, आणि दारात न थांबता सरळ खुर्चीवर बसला. समोर पांढरं, गरम सूप. त्यानं चमचा बुडवला, उचलला. मी समोर बसले होते, मला तो चमचा अजून दिसतो. तोंडाजवळ नेता नेता तो थांबला आणि हसतच विचारलं, "आजही दाणे नाहीत ना, काकू?"

वहिनी लाडात येऊन म्हणाली, "ओळखा बघू."

त्यानं चमचा खाली ठेवला. सूप चादरीवर सांडलं. तो असा उठला की खुर्ची मागे पडली, आणि भिंतीला पाठ लावून उभा राहिला. आवाज मात्र त्यानं चढवला नाही.

"काकू, माझं काय चुकलं ते सांगा. खोली सोड म्हणा, मी उद्या जातो. पण हे असं करू नका. एक चमचा पोटात गेला असता तर मी मेलो असतो."

"मेला असतात?" वहिनीला काही कळेना. "अहो, पण तुमच्या आईच म्हणाल्या, तुम्हाला दाणे लागतात."

"लागतात म्हणूनच तर सांगितलं तिनं."

"मग रोज घालतेय की मी."

रेडिओ चालू होता, तो दादानं बंद केला. दादा म्हणजे तसा संथ माणूस, एखादा विनोदही त्याला दुसऱ्या दिवशी कळतो. पण त्या दिवशी आम्हा सगळ्यांच्या आधी त्याच्या डोक्यात प्रकाश पडला. तो बायकोकडे बघून हळूच म्हणाला, "अगं, तुला बस लागते ना. तसे."

वहिनी मटकन खाली बसली. तिनं त्याच्याकडे पाहिलं, मग सूपकडे, मग परत त्याच्याकडे. आणि पहिल्यांदा तिच्या तोंडून त्याच्यासाठी 'तू' निघालं. "चमचा ओठाला लागला का रे तुझ्या? खरं सांग. थेंब तरी?"

तो नाही म्हणाला. तिचा विश्वास बसेना. तिनं त्याला नळाखाली हात धुवायला लावले, तोंड धुवायला लावलं, मग उजेडात बसवून त्याचे ओठ पाहिले. त्यानं खिशातून इंजेक्शनचं जाड पेन काढून टेबलावर ठेवलं आणि वेळ आलीच तर काय करायचं ते सांगितलं. मी सूपचं पातेलं तसंच उचलून अंगणात नेलं. आत आले तेव्हा वहिनी त्याच्यासमोर खुर्ची ओढून बसली होती आणि त्याच्या चेहऱ्यावरून नजर काढत नव्हती. तो साधं खाकरला तरी ही उभी राहायची. असं बराच वेळ चाललं. मग त्याला हसू फुटलं. आधी गालात, मग मोठ्यानं, आणि हसता हसता तो रडायलाच लागला. म्हणाला, मला वाटलं तुम्ही मला सवय लावताय. मामाची सगळी हकिगत त्यानं तेव्हा सांगितली. वहिनीही रडली, दादानं नाक शिंकरलं, आणि मी, मला आधी चहा टाकावासा वाटला, मग आठवलं की या घरातल्या कुठल्या भांड्याचा भरवसा राहिलाय?

भरवसा परत आणायला आठवडा लागला. वहिनीनं स्वयंपाकघर उलटंपालटं केलं. लाकडी उलथनी आणि भाजी चिरायचे पाट फेकून दिले, कारण लाकूड धुतलं तरी पोटात ठेवतं, असं तिचं म्हणणं. डबे उकळले. फडकी जाळली, ते जरा जास्त झालं. दादाचा खाऱ्या दाण्यांचा डबा हद्दपार झाला. आता तो कोपऱ्यावरच्या बाकावर बसून दाणे खातो आणि घरात शिरण्याआधी बाहेरच्या नळावर हात धुतो, चूळ भरतो, दात घासतो. दारात त्याचा ब्रश टांगलेला आहे. या वयात बायकोनं आपल्याला बाहेरख्याली केलं, असं तो येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतो.

इस्पितळातून वहिनीनं सरावाचं पेन मागून आणलं, बिनसुईचं. मांडीच्या बाहेरच्या बाजूला, कपड्यावरूनच, जोरात दाबून धरायचं आणि लगेच रुग्णवाहिका बोलवायची. सराव अर्थात दादाच्या मांडीवर. तो बातम्या ऐकत बसलेला असला की ही मागून येऊन पेन टोचायची आणि मोठ्यानं आकडे मोजायची. दादा म्हणाला की लिफ्टवाला वाचेल, मी मात्र धसक्यानं जाईन.

दुकानात ती पुड्यांवरचं बारीक अक्षर माझा चष्मा लावून वाचते. मागे रांग लागते, तिला फिकीर नसते. एकदा शेजारीण सहज म्हणाली की एखाद-दुसऱ्या दाण्यानं काय होतंय. वहिनीनं तिची अशी काही झाडाझडती घेतली की त्या बाई अजून आमच्या फाटकातून बिचकतच आत येतात. लिफ्टवाल्याला नंतर मी हे सांगितलं. तो म्हणाला, ताई, मला जन्मभर प्रत्येकानं विचारलंय, थोडे चालतील का. काकूंनी एकदाही विचारलं नाही.

त्याचा पट्टा परत जुन्या भोकावर आला. नोकरी पक्की झाली. आईला मात्र त्यानं यातलं अवाक्षर कळू दिलं नव्हतं, आणि आम्हालाही तशी ताकीद होती.

पण दादाच्या पोटात काही राहत नाही. नोकरी पक्की झाली म्हणून त्याची आई चार दिवस राहायला आली. बारीक चणीच्या, नीटनेटक्या बाई. आल्या आल्या विचारलं की न्हाणीघर कुठे आहे, आणि अंघोळ करून, कपडे बदलून मगच मुलाच्या पाठीवरून हात फिरवला. दुपारी सगळे जेवायला बसलो. दादाला वाटलं आता सगळं निभावलंय, गंमत सांगायला काय हरकत आहे. मी टेबलाखालून पाय मारला, तो लिफ्टवाल्याला लागला. दादानं पहिल्या फोनपासून पांढऱ्या सूपपर्यंत सगळं रंगवून सांगितलं.

त्या हसल्या नाहीत. त्यांनी चमचा ताटात ठेवला आणि मुलाकडे पाहत राहिल्या. तो घाईनं म्हणाला की आई, काही झालं नाही, शब्दाचा घोटाळा झाला, बस्स.

"घोटाळा नाही," त्या म्हणाल्या. "मी मुद्दाम तो शब्द वापरला. आधीच्या घरांना सगळं खरं सांगितलं होतं, जीव जाईल म्हणून सांगितलं होतं. ऐकलं की माणसं घाबरतात आणि दार लावून घेतात. म्हणून या वेळी म्हटलं, घरातलाच शब्द वापरावा. छोटासा. कुणी घाबरणार नाही असा." त्यांनी परत मुलाकडे पाहिलं. "त्या छोट्या शब्दानं माझा मुलगा गेला असता."

लिफ्टवाला उठून त्यांच्यापाशी गेला. वहिनी ताटातल्या भाताशी चाळा करत होती. मग म्हणाली, "सांगायचं होतंत हो. मी घाबरले असते. भयंकर घाबरले असते. पण ठेवलं असतं त्याला."

त्या बाईंनी डोळे पुसून चमचा उचलला आणि ताटातलं सगळं संपवलं, कशात काय घातलंय ते न विचारता. जेवल्यावर जरा पडते म्हणून वर मुलाच्या खोलीत गेल्या. चहाच्या वेळी वहिनी उठवायला गेली आणि तशीच परत आली. गाढ झोपल्यात, म्हणाली, उठवू नका. त्या उठल्या तेव्हा बाहेर दिवे लागले होते आणि लिफ्टवाला खाली आमच्याबरोबर जेवायला बसला होता.